उसाच्या हंगामाआधी बसवलेले दिवे

३० सप्टेंबर २००६, शनिवार. कोल्हापुरात शाहूपुरीतलं मोटारींच्या सामानाचं एक दुकान. झेनॉन दिव्यांचा एक जोड चार हजार आठशे रुपये, बसवण्याची मजुरी तीनशे. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि दुकानाचा मिस्त्री. पैसे मी रोख दिले. दिवे तिच्यासाठी होते, कारण गाडी ती चालवायची.

गाडी १९९४ सालची, लहान, लाल रंगाची. आम्ही ती २००१ मध्ये एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. परवाना माझ्याकडेही होता, पण मला गाडी चालवण्याची हौस नव्हती. मी हिशेबखात्यातला माणूस, ऑफिस घरापासून चालत जाण्यासारखं. ती कागलच्या पुढं आत एका गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. त्या गावाहून कोल्हापूरला येणारी एसटी पावणेपाचला सुटायची आणि त्यानंतरची थेट आठला. दहावीच्या मुलांसाठी तिनं पाच ते सव्वासहा असा जादा तास सुरू केला होता. शाळेनं सांगितलेला नव्हता, त्याचे पैसे मिळत नव्हते. त्या गावात दहावीला विज्ञानात दांडी उडणं ठरलेलं असायचं, ते तिला सहन होत नव्हतं. तो तास चालावा म्हणून गाडी घेतली. ती बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली आणि पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली.

हिवाळ्यात सव्वासहा म्हणजे अंधारच. त्यात आमच्याकडं दिवाळी झाली की कारखाने सुरू होतात आणि रस्त्याला उसाच्या बैलगाड्या लागतात. मागं दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, उसाचे शेंडे गाडीच्या बाहेर चार-चार हात लोंबत असतात. मागच्या जानेवारीत तिनं अशाच एका गाडीला मागून धक्का दिला. वेग कमी होता, नुसता बंपर चेपला. गाडीवान खाली उतरून ओरडला, "ओ बाई, डोळं घरात ठिवून आलाय काय? एवढा डोंगर दिसंना व्हय?"

घरी येऊन तिनं मला ते हसत सांगितलं. मग म्हणाली, "अहो, गाडीचे दिवे पार म्हातारे झालेत. पुढचं काही दिसतच नाही."

मी स्वतः बघितलं. दिव्यांच्या आतला आरशासारखा मुलामा खरोखरच काळवंडला होता. उजेड पिवळा, मरतुकडा पडायचा. मलाही त्या उजेडात गाडी चालवायला नको वाटायचं. तेव्हा दिवे बदलायचे ठरले, आणि ते पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत. त्या सुमारास पैसेवाल्यांच्या गाड्यांना ते पांढरे, डोळे दिपवणारे दिवे दिसायला लागले होते. मी तीन दुकानांत दर काढले आणि शाहूपुरीतलं पक्कं केलं.

मिस्त्री पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा. त्यानं जुने बल्ब काढले, नवे बसवले, बॅटरीशेजारी दोन चपट्या डब्या पत्र्याला स्क्रूनं आवळल्या. हे दिवे साध्या करंटवर पेटत नाहीत, त्या डब्या व्होल्टेज वाढवून देतात. जुन्या वायरिंगला हा भार झेपेल का, अशी मला शंका होती. मी घरून मीटर नेला होता. इंजिन बंद असताना, चालू असताना, दिवे लावून, असं तीनदा बॅटरीवर मोजून बघितलं.

मिस्त्री माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, लगीन ठरवतानाबी सायबांनी असंच मीटर लावून बघितलंतं काय?"

"नाही हो," ती म्हणाली, "तेव्हा नुसती माझी पगाराची चिठ्ठी बघितली. आकडा बरोबर आला, मग चेहरा बघितला."

"आन् त्यो?"

"तो अजून तपासणीत आहे."

दिवस मावळल्यावर दुकानामागच्या पांढऱ्या भिंतीसमोर गाडी उभी केली. ती चालकाच्या जागेवर, मी शेजारी. तिनं बटण ओढलं. दिवे आधी निळसर झाले, मग जांभळट, आणि चार-पाच सेकंदांत भिंत दुधासारखी पांढरी झाली. भिंतीवर चिकटवलेली एक जुनी जाहिरात होती, तिच्यातलं बारीक अक्षर तिनं बसल्या जागेवरून वाचून दाखवलं. लहान मुलीसारखी हसली. तशीच गाडी घेऊन आम्ही हायवेनं कागलपर्यंत जाऊन आलो. समोरचे ट्रकवाले दिव्यांची उघडझाप करून शिव्या देत होते आणि ती म्हणत होती, "बघा, दिवस उजाडलाय नुसता."

दसऱ्याला तिनं गाडीला झेंडूचा हार घातला. दिव्यांवर कुंकू लावायला गेली आणि काचेला डाग पडेल म्हणून हात मागं घेतला.

आठवड्याभरात तिची तक्रार सुरू झाली. समोरचं लख्ख दिसतं, पण बाजूचं दिसत नाही. वळणावर रस्त्याची कड सापडत नाही. कुणी सायकलवाला एकदम अंगावर येतो, मधून कुठूनतरी उगवल्यासारखा. मला ते पटलं. नवीन दिवा जुन्या खोबणीत बसवलाय, झोत अरुंद पडत असेल. शनिवारी पुन्हा दुकानात गेलो. मिस्त्रीनं स्क्रू फिरवून झोत बाहेरच्या बाजूला सरकवला. चार दिवसांनी ती म्हणाली, अजून थोडं सरकवायला हवं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्री वैतागला होता. "वहिनी, रस्ता सोडून रानात बघायचंय काय? ह्याच्या म्होरं फाकवला तर समोरच्याचं डोळं फुटत्याल. थांबा, मी हुबा ऱ्हातो, तुम्ही सांगा." तो भिंतीच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. "दिसतोय का?"

"तुम्ही उभे कुठं आहात?"

"हितं की!"

मला तो स्वच्छ दिसत होता. त्याच्या खिशाला अडकवलेला स्क्रूड्रायव्हरसुद्धा दिसत होता. तिनं मान हळूहळू डावीकडं वळवली, बरीच वळवली, आणि मग म्हणाली, "हां, दिसलात."

"वहिनी मस्करी करत्यात," मिस्त्री हसला. तीही हसली. परत येताना मी, उद्या दुसऱ्या दुकानात दाखवू, एवढंच म्हणालो.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही तिच्या माहेरी गेलो. माहेर चंदगड तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. घरात आई आणि भाऊ. आईला ते अव्वा म्हणतात. त्या भागात मुलगी मामाला द्यायची पद्धत आहे. अव्वांचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं, त्यांच्या आईचंही तसंच. माझ्या बायकोला मामाच नव्हता म्हणून ती बाहेर, माझ्या घरी आली.

त्या घराची आणखी एक रीत मला लग्नाच्या वेळीच सांगितली होती. दिवे लागले की घरातल्या बायका बाहेर पडायच्या नाहीत. स्वयंपाक, पाणी, जनावरांचं सगळं उजेडी उरकायचं आणि तिन्हीसांजेला घरापुढच्या सोप्यावर येऊन बसायचं. पायरी उतरायची नाही. गावात त्या घराचं नाव होतं, बायका कशा वळणाच्या म्हणून. माझी बायको लहानपणापासून हे बघत आलेली. ती रीत मोडून रात्री गाडी चालवणारी त्या घरातली ती पहिली. याचा तिला अभिमान होता, आणि अव्वांनीही तिला कधी अडवलं नव्हतं.

ओवाळणी झाली. बाहेर अंधार पडला. अव्वा नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, गाडीला नवीन दिवं घातल्यात म्हणं?"

"चल, दाखवते," माझी बायको म्हणाली. "अहो, तुम्ही जाऊन लावा. अव्वाला इथूनच बघू दे."

मी अंगणात जाऊन गाडीत बसलो, तोंड घराकडं वळवलं आणि दिवे लावले. अंगण, तुळस, पायऱ्या, कौलांची वळचण, सगळं पांढरं झालं. ती सोप्यावरून विचारत होती, "दिसतंय, अव्वा?"

"उजेड दिसतोय की."

"आणि गाडी? गाडीत कोण बसलंय?"

"उजेड दिसतोय बाई."

"अगं, खाली तर ये," असं म्हणून तिनं आईचा हात धरला आणि दोघी पायरी उतरायला लागल्या. डोळे दिपतील म्हणून मी दिवे बंद केले. सोप्यावर चाळीसचा बल्ब होता, त्या उजेडात मला दोघी दिसत होत्या. अव्वांनी उजवा पाय पुढं काढला आणि अंगठ्यानं पायरीची कड चाचपली. सापडल्यावर पाय ठेवला. शेजारी माझ्या बायकोनंही पाय पुढं काढला आणि अंगठ्यानं तीच कड चाचपली. अगदी तशीच. मी गाडीतून उतरायचं विसरलो.

तिलाही ते कळलं असावं. ती दुसऱ्याच पायरीवर थांबली. "अव्वा, तुला रात्रीचं दिसत नाही?"

अव्वा पायरीवर बसल्या. "न्हाई."

"कधीपासून?"

"तुझ्या येळच्या माझ्या बाळंतपणापास्नं म्हण. माझ्या अव्वालाबी तसंच हुतं. म्हणून तर बसतोय की आमी."

"वळण म्हणून नाही?"

"वळण लोकं म्हणत्यात. दिसंना म्हणून बसायचं. आन् काय करायचं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं लगीन व्हायचं हुतं."

"झाल्यावर?"

अव्वांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "झाल्यावर तू गाडी चालवाय लागलीस. रातीची येतीस, जातीस. मला वाटलं, तू सुटलीस."

माझी बायको त्यांच्या शेजारी बसली. दोघींपैकी कुणी रडलं नाही. आतून भावानं जेवायला हाक मारली तेव्हा दोघी उठल्या आणि एकमेकींना धरून वर गेल्या. परतीच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो आणि पूर्ण रस्ता गाडी मी चालवली. तिनं किल्ली मागितली नाही.

कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं. एका यंत्रात डोकं ठेवायला लावून, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाले. ती बटण फार कमी वेळा दाबत होती. शेजारच्या खुर्चीवर बसून मला तो आवाज ऐकू येत होता. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आईवडील नात्यातले?" मग सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, घराण्यातून येतो. मधली नजर उत्तम आहे, म्हणून बारीक अक्षर वाचता येतं. कडेची नजर गेली आहे, अंधारातली तर बहुतेक सगळीच. औषध नाही. आमचा एकच मुलगा, त्यालाही तपासून घ्यायला सांगितलं. पुढं घेतलं, त्याचे डोळे चांगले निघाले.

मी विचारलं, "किती वर्षं राहील मधली नजर?"

"आकडा सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"खरंच सांगता येत नाही. गाडी मात्र आजपासून बंद."

ती म्हणाली, "दिवसाची?"

"दिवसाचीही."

रस्त्यावर आलो तेव्हा थेंबांमुळं तिला ऊन सोसत नव्हतं. डोळ्यांवर पदर धरून ती गाडीशेजारी उभी राहिली, चालकाच्या बाजूला. सवयीनं. मग तीच वळसा घालून दुसऱ्या दाराकडं गेली.

नोव्हेंबरपासून ती एसटीनं जायला लागली. पावणेपाचची गाडी पकडायची म्हणजे जादा तास होणार नव्हता. तो दुसऱ्या कुणी घ्यावा म्हणून ती मुख्याध्यापकांना दोनदा भेटली. कुणी तयार झालं नाही. दहावीतल्या दोन मुली एका रविवारी तिला भेटायला घरी आल्या. "मॅडम, आम्ही मधल्या सुट्टीत डबा न खाता बसतो, तेवढ्यात शिकवा," म्हणाल्या. तिनं त्यांना पोहे करून घातले, आणि त्या गेल्यावर तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. पुढचे काही महिने मधल्या सुट्टीत तिनं वीस-वीस मिनिटं शिकवलं. वीस मिनिटांत किती होणार? तास असा कुणी बंद केला नाही, तो हळूहळू राहिला.

गाडी फेब्रुवारीत विकली. घेणाऱ्याला दिवे फार आवडले. पुन्हा पुन्हा लावून बघत होता. ती खिडकीतून बघत होती, की नुसतं ऐकत होती, मला सांगता येणार नाही.

सरकारी दवाखान्यातून अंधत्वाचा दाखला काढता येतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. एसटीत सवलत मिळते. ती अडीच वर्षं तयार झाली नाही. मी दोनदा अर्ज भरून ठेवला, दोन्ही वेळा तिनं सही केली नाही. म्हणायची, "अजून वाचता येतंय मला." २००९ च्या मे महिन्यात एका सकाळी फळ्यावरच्यासारखी मोठी अक्षरंही तुटक दिसतात असं तिनं सांगितलं आणि स्वतःच अर्ज मागितला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी रजा काढून तिच्याबरोबर स्टँडवर गेलो. गाडीत तिच्या शेजारी बसलो. कंडक्टर रोजचा, ओळखीचा.

"मॅडम, आज सायेब संगट? दोन फुल का?"

"एक फुल," ती म्हणाली. पर्समधून तिनं सवलतीचं ओळखपत्र काढलं आणि आवाजाच्या दिशेनं पुढं केलं. "आणि एक यावर."

कंडक्टरनं ते उलटसुलट करून बघितलं. "मॅडम, हे कुणाचं?"

"माझं."

"तुमचं? काय चेष्टा करताय काय? रोज तर येताय की गाडीनं."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. मोठ्यानं, वर्गात बोलायची तशी. पुढच्या बाकावरच्या बायका मागं वळल्या.

मान खाली घालून कंडक्टरनं दोन तिकिटं दिली. माझ्या तिकिटाचे मी दिले. तिच्या तिकिटाचे चार रुपये तिनं स्वतः, बोटांनी नाणी चाचपून, कंडक्टरच्या हातावर ठेवले.