गुलामाचे वाक्य

रोमचा पहिला तास मी वीस-बावीस वर्षे एकाच पद्धतीने घेत आलो, आणि त्या पद्धतीचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

आमचे महाविद्यालय नवीन जालन्यात आहे. कला शाखेच्या पहिल्या वर्षाला प्राचीन जगाचा एक पेपर असतो. त्यात रोम येते. कापूस-सोयाबीनच्या गावांतून आलेल्या मुलांना सिनेट म्हणजे काय, हे समजवायचे कसे? म्हणून मी वर्गाचेच रोम करीत असे. पुढचे दोन बाक कुलीन, मधले सामान्यजन, शेवटचा बाक गुलाम. घरून आणलेली पांढरी चादर टोग्यासारखी खांद्यावर टाकून मी स्वतः कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, होई. कुलीनांनी म्हणायचे, "कायदा आमच्या पूर्वजांनी केला." सामान्यजनांनी विचारायचे, "लढाईला आम्ही, मग सत्तेत वाटा का नाही?" गुलामांनी साऱ्यांच्या बॅगा उचलून भिंतीशी उभे राहायचे. वर्ग हसे, आणि परीक्षेत रोमवरच्या प्रश्नाला गुणही बरे पडत.

पंधराएक वर्षांपूर्वीच्या तुकडीत अंबडच्या पलीकडून एसटीने येणारी एक मुलगी होती. बस उशिरा पोचे, म्हणून तिला शेवटचाच बाक मिळे. त्या दिवशी त्या बाकावर ती एकटी होती. साऱ्या वर्गाच्या बॅगा तिच्या हातांवर रचल्या गेल्या. पुढून कोणी ओरडले, "ए, नीट धर ना, डबा आहे माझा त्यात!" वर्ग हसला. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात तिचा विषयबदलाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मी सही केली. कारण विचारले नाही.

मी बाक पाहून गुलाम ठरवतो, माणूस पाहून नाही, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत राहिलो. ते खरेही होते. पण कोण कोणत्या बाकावर बसते, हे बाक ठरवीत नाहीत. ती बौद्ध घरातली होती. हजेरीपत्रकातल्या आडनावांवरून आम्हा शिक्षकांना जे कळते, ते मलाही कळत होते. मी गावातल्या जमीनदार शेतकऱ्याचा मुलगा. ओझे उचलायला माणूस हाकेवर असतो, हे मी रोमविषयी वाचण्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो.

यंदा जून महिन्यात ती आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला आली. मधल्या काळात ती पुन्हा इतिहासाकडे वळून एम.ए. झाली होती. प्राचार्यांनी रोमचा पेपर तिच्याकडे दिला. मी तिला पहिल्याच दिवशी ओळखले, आणि आठवडाभर "चहा घेणार का?" यापलीकडे बोलू शकलो नाही. ती रागावेल, याची मला भीती नव्हती. "मला तर काही आठवत नाही," असे ती सौजन्याने म्हणेल आणि माझी क्षमा मागण्याची जागाच नाहीशी होईल, याची होती.

शेवटी एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघेच होतो.

"मॅडम, तुमच्याशी एक बोलायचं राहून गेलंय."

"बॅगांचं ना, सर?"

"आठवतं तुम्हाला?"

"बिलकुल आठवतं. दोन दिवस हात दुखून राह्यले होते."

"माझं चुकलं. त्या दिवशीही, आणि अर्जावर सही केली तेव्हाही."

तिने कप खाली ठेवला. "गुलाम केलं त्याचं न्हाई वाटलं, सर. कुणीतरी होणारच होतं. पण वर्गात सगळ्याला वाक्य होतं. मलाच नव्हतं."

तिने पुढे म्हटले, "आणि अजून एक. रोममध्ये मास्तर लोक पुष्कळदा ग्रीक गुलाम असायचे. तुम्हीच शिकवलं की! पण चादर घेऊन तुम्ही बराबर कॉन्सल!"

मी हसलो. तीही हसली. तरी माफ केले, असे ती म्हणाली नव्हती.

"मंग परवा या माझ्या तासाला," ती म्हणाली. "पहिलाच तास आहे रोमचा."

मी गेलो. तिच्या रोममध्ये बाकांना काही अर्थ नव्हता. टेबलावर स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. तिने मलाही एक उचलायला लावली. मी घडी उलगडली, तशी शेजारच्या मुलीने डोकावून जाहीर केले, "सर गुलाम निघाले!" टाळ्या पडल्या. तीन बॅगा माझ्या खांद्यावर आल्या. नियम एकच होता: प्रत्येकाने आपले वाक्य स्वतः रचायचे, गुलामांनीही.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "धनी, पाणी तापलंय."

शेजारच्या मुलीच्याही चिठ्ठीत गुलामच आला होता. ती म्हणाली, "सर, हे तर धन्याच्या अंघोळीचं झालं. तुमचं काय त्यात?"

वर्ग हसला, आणि मला ते मनापासून पटले. इतकी वर्षे रोम शिकवून मला गुलामाच्या तोंडी घालायला मालकाचेच वाक्य सुचले होते. त्या मुलीने मात्र सहज म्हटले, "पाय भरून आले माझे. घटकाभर बसू द्या." बाईंनी ते फळ्यावर कॉन्सलच्या वाक्याशेजारी लिहिले आणि माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमचं?"

बॅगांचे पट्टे खांद्यात रुतत होते. एकीतून लसणाच्या चटणीचा वास येत होता. मी म्हणालो, "उचलशील का, असं मला कुणी विचारलं नाही."

"पुढपर्यंत ऐकू येईना, सर. जरा मोठ्यानं."

माझा आवाज मुळातच हळू आहे. मी बॅगा सावरल्या, घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. बाईंनी ते फळ्यावर लिहिले, आणि मुलांनी आपापल्या वहीत उतरवून घेतले.