बनाबाईनं शिकवलेली घोडी

कवठे महांकाळच्या पूर्वेला माळावर धनगरांची मोजकी घरं होती. पावसाळाभर ती माणसं तिथं राहायची आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पलूसकडच्या काळ्या रानांची वाट धरायची. तिकडचे बागाईतदार खतासाठी मेंढरं शेतात बसवून घ्यायचे. पुरुष मेंढरांमागं रानारानानं जायचे. बिऱ्हाड घोडीवर लादून रस्त्यानं न्यायचं काम बायकांचं.

आकारामची बायको बनाबाई लग्न होऊन आल्यापासून हेच करत होती. चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात तिची जुनी घोडी पोटशूळ उठून मेली. मागं राहिली तिची तरणी पोर, टिकली. अंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. आईच्या मागं मोकळी हुंदडत वाढलेली; गळ्यात दावं कधी पडलं नव्हतं.

बनाबाईचा धाकटा दीर सयाजी उतावळा गडी. "आईचं बघून शिकलेलीच असंल की," म्हणत त्यानं एका सकाळी टिकलीला दोघांकडून धरवलं आणि भांड्यांनी भरलेलं पोतं सरळ तिच्या पाठीवर आवळलं. टिकली जागच्या जागी थरथरली आणि एकदम उधळली. पाठीवर पातेली खडखडली तशी ती आणखीच बिथरली. पोतं घसरून पोटाखाली आलं, पायात अडकलं. शेवटी ती बाभळीच्या कुंपणात जाऊन पडली तेव्हाच थांबली. त्या दिवसापासून माणूस जवळ आला की ती कान मागं पाडायची आणि लाथ झाडायची.

"वयनी, हिला बाजार दावू," सयाजी म्हणाला. "ही आता कामाची न्हाई."

"न्हाई कशी?" बनाबाई म्हणाली. "दिवाळीला ह्याच घोडीवर माझं बिऱ्हाड जाईल, भावजी."

"आन् न्हाई गेलं तर?"

"तर डोईवर घिऊन चालंन. पर हिला इकायची न्हाई."

आकारामनं दोघांकडं बघितलं. "तिचा जीव हाय घोडीवर, तर करू दे," एवढंच बोलून तो मेंढरांमागं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बनाबाई कडब्याची पेंढी घेऊन टिकलीला कोंडलं होतं त्या आवारात शिरली आणि तिच्याकडं पाठ करून लोकर कातत बसली. घोडी लांब कोपऱ्यात फुरफुरत उभी. बनाबाईनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. असं रोज चाललं. शेजारणी हसायच्या, "आगं, घोडी शिकवती का तिच्यासंगं गप्पा मारती?" बनाबाई चाती फिरवत राहायची. एका दुपारी मानेवर ऊन ऊन श्वास आला आणि खांद्यावरून तोंड पुढं घालून टिकलीनं कडबा ओढला. तरी बनाबाई हलली नाही.

मग तिनं मेंढीच्या लोकरीचा मऊ दोर वळला आणि त्याची घोडीच्या तोंडाभोवती बसणारी म्होरकी केली. दोर हलकासा ताणायचा आणि घोडीनं एक पाऊल टाकलं की त्याच घडीला सैल सोडायचा. ओढाताण नाही, आरडाओरड नाही. हळूहळू टिकली दोराबरोबर चालू लागली, "हो" म्हटलं की थांबू लागली. बनाबाई मधी उभी राहून तिला गोल फिरवायची, उलटी वळवायची. घोंगडं तिच्या मानेवरून, पाठीवरून, मागच्या पायांवरून फिरवायची. घोडी दचकली की घोंगडं काढायचं नाही, तिथंच ठेवायचं. ती शांत झाली की मग काढायचं. पुढं रिकामं पोतं आलं, मग भुसकट भरलेलं.

श्रावणात एक दिवस आभाळ भरून आलं. पावसाच्या आत उरकावं म्हणून बनाबाईनं पोटाखालचा पट्टा झटक्यानं ओढला. टिकलीची लाथ तिच्या मनगटावर बसली. हाड मोडलं. गावातल्या वैदूनं कामट्या लावून हात बांधला.

सयाजी तावातावानं आला. "आता तरी ऐका वयनी! ही कुनाचा तरी जीव घील."

बनाबाईचं तोंड कळांनी पांढरं पडलं होतं. "घाई म्या किली," ती म्हणाली. "तिनं न्हाई."

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात अडकवून ती आवाराशी गेली. आपली भीती घोडीला कळू नये म्हणून ती दाराशी बराच वेळ उभी राहिली. मग डाव्या हातानं म्होरकी घातली आणि अगदी पहिल्यापासून सुरू केलं. पट्टा थोडा आवळायचा, थांबायचं, मान खाजवायची, पुन्हा थोडा. पोत्यात खडे घातलेले डबे ठेवून ती टिकलीला माळभर हिंडवायची. सुरुवातीला आवाज झाला की घोडी नुसती अंग आक्रसायची, मग तेही थांबलं.

दिवाळीनंतर बिऱ्हाड निघालं. टिकलीच्या पाठीवर भांडी, दाण्याची पोती, वर खुराड्यात कोंबड्या. स्टेशनाजवळच्या रेल्वे फाटकाशी बायका पोचल्या आणि मिरजेकडची छोटी गाडी शिट्टी देत आली. गाडीची सवय मात्र बनाबाईनं लावली नव्हती. टिकली मागच्या पायांवर उभी राहिली, कोंबड्या ओरडायला लागल्या, मागच्या बायका पांगल्या.

"दोर सोड गं!" कुणीतरी ओरडलं.

बनाबाईनं दोर सोडला नाही आणि ओढलाही नाही. घोडीचे पाय खाली टेकताच तिनं तिला आवारातल्यासारखं गोल वळवलं. एक फेरा, दुसरा, मग उलटा. "चल बया, चल." घोडी घामानं निथळत होती, डोळे पांढरे झाले होते, पण पाय दोरामागं चालले होते. गाडीचा शेवटचा डबा गेला. "हो," बनाबाई म्हणाली. टिकली थांबली. ओझं जरासं कलंडलं होतं, पण पडलं नव्हतं.

सयाजीला हे मुक्कामावर कळलं. बनाबाईला हात न लावू देता तो ओझं स्वतः उतरवू लागला. त्यानं पट्ट्याला हात घातला तशी टिकलीनं कान पाडले.

"हळू, भावजी," बनाबाई म्हणाली. "आदी मानंवर हात ठिवा. आता थांबा."

सयाजी थांबला. घोडीचे कान पुढं येईपर्यंत थांबला.

पलूसजवळ मेंढरं बसली, चुली मांडून झाल्या. पुढं कृष्णा ओलांडायची होती आणि टिकली वाहत्या पाण्यात पाय घालायला तयार नव्हती. सकाळी भाकरी आटोपून बनाबाई तिला घेऊन नदीकाठी गेली, पाण्याच्या कडेला तिच्याकडं पाठ करून बसली आणि दोर सैल सोडला.