आईला रडू न देणारं पुस्तक

त्या पुस्तकाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर उगवता सूर्य, आत रोज एक पान मनन. आमच्या चर्चच्या मंडळीत ते घरोघरी आहे. बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, भेट म्हणून हेच.

माझा धाकटा भाऊ जासईच्या कंटेनर यार्डात कामाला होता. एका सकाळी कामावर जाताना त्याची बाइक ट्रेलरखाली गेली. दफन झालं त्याच आठवड्यात चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाई आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटवर आल्या आणि आईच्या हातात पुस्तक ठेवून गेल्या. "रोज एक पान वाचा, मावशी. शांती मिळेल."

शांती मिळाली का, देव जाणे. आईचं रडणं मात्र बंद झालं. पार बंद! भावाचा डबा काढायची, पुसायची, परत मांडणीवर ठेवायची. डोळे कोरडे ठणठणीत. मला तिची भीतीच वाटायला लागली.

मग मी ते पुस्तक मुद्दाम वाचायला घेतलं. सावकाश, पेन्सिल घेऊन. भाषा गोड आहे, मान्य. पण गोष्टी बघा. एकाची नोकरी गेली, त्यानं त्याबद्दल देवाचे आभार मानले, आधीपेक्षा चांगली मिळाली. एकीचं मूल तापानं फणफणलं, तिनं आभार मानले, सकाळी मूल खेळायला लागलं. अरे, पण ज्यांचं मूल उठलंच नाही, त्यांचं पान कुठंय? शेवटी सापडलं एक. विश्वासणाऱ्यानं शोक करणं म्हणजे देवाच्या योजनेवर शंका घेणं, असं त्यात लिहिलं होतं. पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. स्वतःचं पोर पुरून ये म्हणावं, मग लिही!

आमच्याकडे घरगुती प्रार्थनेत साक्ष देतात. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. आईला दर वेळी उभं करायला लागले. "माझा मुलगा प्रभूनं नेला, मी आभारी आहे," असं ती पाठ केल्यासारखं म्हणायची. लोक हालेलुया म्हणून टाळ्या वाजवायचे. पोरगं गेलेल्या बाईला टाळ्या! लाज कशी वाटत नाही?

वर्षाची स्मरण-प्रार्थना आमच्याच हॉलमध्ये होती. पाळकबाई म्हणाल्या, "मावशी, साक्ष द्या ना."

"बस झालं," मी ओरडले. "आज कुणी साक्षबिक्ष देणार नाही!"

सगळे एकेक करून उठले, अर्धा चहा तसाच टाकून गेले.

आई कपबशा गोळा करता करता माझ्यावर उखडली. "चारचौघांत शोभा केलीस माझी."

"मग तू रड ना गं एकदाची! का रडत नाहीस?"

ती खाली बसली. "रडले म्हणजे माझा विश्वास कमी पडला. आणि तेवढ्यापायी वर तो मला भेटलाच नाही, तर?"

वर्षभर ही बाई या धाकात जगत होती. आपल्याच पोराला मुकायच्या धाकात! त्या लिहिणाऱ्याची गचांडी धरावीशी वाटली मला.

"आई," मी म्हटलं, "मेलेल्या मित्राच्या कबरीपाशी प्रभू येशू स्वतः रडला होता. तूच शिकवलंस ना लहानपणी?"

"त्याचं काय गं," आई म्हणाली. "त्याचा मित्र कबरीतून जिवंत उठून बाहेर आला."

आणि तिथंच, उष्ट्या कपांच्या मधोमध, तिनं हंबरडा फोडला. शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवली. मी दार उघडलं नाही.