मनगटांचा नमस्कार

रिसेप्शनच्या स्टेजमागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीआड सुधाकरकाका हात जोडून उभे होते. आमच्या ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवतात आणि मी त्यांच्या शेजारी बेस गिटार. जोडलेले तळवे ते छातीपासून हळूहळू पोटाकडे उतरवत होते. मनगटांना ताण बसला की थांबायचं, श्वास सोडायचा. दुखेपर्यंत ताणायचं नाही, हे ते मला वर्षानुवर्षं सांगत आलेत. मी कधी मनावर घेतलं नाही. आता डब्याचं झाकण उघडतानाही माझं मनगट कळवळतं.

नवरीची म्हातारी आत्या तिथून जाताना थांबली. काठी काखेत धरून तिनंही हात जोडले.

"दमला असाल," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."

गाणाऱ्याला लोक पाणी विचारतात. आम्हाला फक्त पुढचं गाणं सांगतात. आमचे हात दुखत असतील हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याही येत नाही. गिटारच्या वायरची पिन खराब झाली तर मात्र मी ती त्याच दिवशी बदलून आणतो.

मनगटं मोकळी करतोय, असं काकांनी तिला सांगितलं नाही. तेच जोडलेले हात त्यांनी कपाळाला लावले आणि ते वाकले.

ती गेल्यावर मी गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यांच्याशेजारी हात जोडून उभा राहिलो.

"हळू," काका म्हणाले. "इतकी वर्षं राबवलंयस त्यांना. आता जरा विचारून ताण."