रुळातली फट

कळंबच्या आमच्या घरात मागच्या खोलीत टेबलभर पसरलेली एक रेल्वे आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कैक वर्षं खपून केली. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणं हा त्यांचा धंदा. दुकानात उरलेली तांब्याची तार, खेळण्यातली मोटार, पुठ्ठ्याचे डबे, घोसाळ्याच्या जाळीची झाडं, एवढ्यावर येडशीकडची जुनी, अरुंद रुळांवरची छोटी गाडी त्यांनी टेबलावर आणली. खरी गाडी केव्हाच इतिहासजमा झाली होती.

अण्णा गेले आणि त्या खोलीला कुलूप लागलं. आईचं बोलणंही आटलं. आलीस का, जेवलीस का, निघालीस का, बास. पूर्वी रोज दिवेलागणीला ती अण्णांच्या गाडीपाशी बसायची, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. म्हटलं, वर्षश्राद्धाच्या आत गाडी चालू करायची, म्हणजे आई पुन्हा त्या खोलीत बसेल. कदाचित बोलेलही.

मी पुण्यात गणित शिकवते. फ्यूज बदलायलाही शेजाऱ्यांना हाक मारते. तरी सुटी काढून आले आणि दोन व्हिडिओ पाहून अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. रुळांवरचा गंज घासला, उंदरांच्या लेंड्या काढल्या, तारांना कथलाचा डाग देताना दोन बोटं पोळून घेतली. चौथ्या दिवशी इंजिन हललं.

पण एका कडुलिंबाखाली येऊन ते दर वेळी मरायचं. वाकून पाहिलं तर झाडाच्या अलीकडे आणि पलीकडे रुळात बारीक फट, मधल्या तुकड्याला वीजच पोचत नव्हती. तिथून निघालेल्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या, टेबलाखालच्या एका स्विचला लोंबत होत्या. असेल एखाद्या दिव्याचा, म्हणून मी त्या ओढून काढल्या आणि दोन्ही फटी डाग देऊन बुजवल्या. अण्णांच्या नजरेतून ही चूक सुटली कशी, याचा जरा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी आईला हाताला धरून आणलं. ती तिच्या स्टुलावर बसली. गाडी सुटली, चढ चढली, कडुलिंबाजवळ आली आणि आईनं हात वर केला. एसटीला करतात तसा. गाडी पुढे निघून गेली. दुसऱ्या फेरीला तिनं पुन्हा हात केला. गाडी पुन्हा गेली. मग तिनं हात मांडीवर ठेवला.

"आता थांबत न्हाय व्हय गं?"

"कुठं थांबायची?"

"माझ्या माहेरापाशी. खरी गाडी तिथं कधीच थांबली न्हाय. पोर असताना लई हात केले म्या. ऐकून हे म्हणले, माझी गाडी थांबंल. टेबलाखाली हात घालून काय करायचे की. पण रोज थांबायची."

इतकी वर्षं रोज संध्याकाळी या घरात हे चालायचं आणि पोटच्या पोरीला पत्ता नव्हता. मी दिवाळीला यायचे, तेही परतीचं तिकीट काढून. मी नुसती फट बुजवली नव्हती, आईला मिळालेला एकुलता एक थांबा मी बुजवला होता.

दुसऱ्या दिवशी रडत रडत करवतीच्या पात्यानं रूळ पुन्हा कापला. तारा जोडल्या, स्विच लावला. संध्याकाळी आईला बसवलं आणि अण्णांसारखा टेबलाखाली हात घातला.

गाडी कडुलिंबाखाली आली. आईचे हात मांडीवरच होते. मला राहवलं नाही, मी स्विच बंद केला.

"थांबली बघ, आई."

आईनं वाकून गाडीकडे पाहिलं.

"थांबली खरी," ती म्हणाली. "पण म्या हात कुठं केला व्हता?"