पाचवी चिंधी

"चुलीत टाका म्हणलं न्हाय मी. त्याच्या हातात द्या म्हणलं."

"हळू बोल. भाईर पोरगी हाय."

"असू दे. तिच्याच आज्यानं काढलं न्हवं सोमण्णाला कामावरनं? तुमच्या सांगण्यावरनं."

"एकतीस वर्सं झाली, चन्नम्मा. आता सांगून त्या माणसाचं काय भलं व्हणार हाय?"

"त्याचं काय व्हतंय ते त्यो बगंल. तुमचं काय व्हायलंय ते आठ दिस मी बघायले. अर्धी भाकरी ताटात तशीच ऱ्हायलीय."

शंकरप्पाने ताटाकडे पाहिलं. खरंच राहिली होती.

माकणी फाट्यावरच्या गॅरेजमागची ती खोली. नवराबायकोच्या मधे, डब्याच्या झाकणात, बोटभर चिंधी पडली होती, वातीसारखी पिळलेली. आठ दिवसांपूर्वी इंजिनातून निघाली तेव्हा कोळशासारखी काळी होती. रॉकेलमध्ये दोनदा धुतल्यावर तिच्या कडेला लाल रेघ उमटली. नेमकी त्याच वेळी चन्नम्मा भाकरी घेऊन आली आणि बघताक्षणी म्हणाली, हा माझ्या लग्नातल्या इरकलीचा काठ. लुगडं विरल्यावर तिनंच ते फाडून नवऱ्याला कामाला दिलं होतं. दुसऱ्या कुणाची चिंधी असेल, असं म्हणायचीही सोय उरली नाही.

लोहारा तालुक्यात बेअरिंग बसवावं तर शंकरप्पानं, असं आजही म्हणतात. गुलबर्ग्याच्या एका उस्तादाच्या शिव्या सात वर्षं खाऊन तो हे काम शिकला. शाफ्टला नीळ लावायची, बेअरिंग बसवून फिरवायचं, पुन्हा काढायचं आणि जिथं निळा डाग उमटेल तिथं पात्यानं हलकंच खरवडायचं. दिवस दिवस हेच. खरवडलेला कीस तेलाच्या वाटेत जाऊ नये म्हणून आधी एकेका भोकात एकेक चिंधी कोंबायची. घातल्या किती नि काढल्या किती हे मोजल्याशिवाय हात धुवायचे नाहीत, हा उस्तादाचा दंडक.

शंकरप्पा मोजायचा. फक्त त्या एका दिवशी मठात महाप्रसाद होता, पंगत बसत आली होती, दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं. पाच घातल्या, चार काढल्या. हे आता कळलं. त्या दिवसाचं त्याला आठवते ती फक्त हुग्गी, गव्हाची खीर, गरम, वरून तुपाची धार सोडलेली.

इंजिन होतं शरणबसप्पांच्या तेलगिरणीतलं. दोन सिलिंडरचं, जर्मन, डिझेलवरचं. उभ्या जिल्ह्यात तसं दुसरं नव्हतं. ते चालवायचा सोमलिंग, गावाचा सोमण्णा. शंकरप्पाने बेअरिंगं बसवून दिल्यावर अकराव्या दिवशी ते धडधडता धडधडता किंचाळलं आणि जाम झालं. धावत आलेल्या शंकरप्पाला सोमलिंग एवढंच सांगत राहिला, की तेल घातलं होतं, पट्टी काढून बघा. शंकरप्पाने तेल मोजायची पट्टी काढली. तेल खुणेपर्यंत होतं. तरीही, एक क्षणही न थांबता, तो बोलून गेला, "जाम झाल्यावर वतलंय ह्यानं."

शंकरप्पाच्या हाताचं काम जाम होणार नाही, हे शरणबसप्पांना पटलेलंच होतं. इंजिन उघडून बघायची गरज कुणालाच वाटली नाही. सोमलिंग घरी बसला, गिरणीला विजेची मोटर लागली, इंजिनावर पोती पडली. इथवर एक वेळ चूक म्हणता आली असती. पण चहाच्या टपरीवर, चार माणसांत, शंकरप्पानेच म्हटलं होतं, "तेलाच्या गिरणीत तेलावाचून इंजिन मारणारा गडी म्हणजे आमचा सोमण्णा." गाव हसलं आणि मग हसतच राहिलं. लग्नात समई लागली की आजही कुणीतरी ओरडतो, सोमलिंगअण्णा, तेल बघा हो.

आता त्याच शरणबसप्पांची नात शिवप्रिया, पुण्यात गाड्यांचे आराखडे काढणारी, जुन्या जीपची चासी घेऊन आली होती. आजोबांचं इंजिन त्यात बसवायचं, बॉनेट हातभर लांब करायचं आणि गाडी चालवत पुण्याला न्यायची, असा तिचा बेत. चार महिने शंकरप्पा त्या इंजिनापुढं जवान झाला होता. गंज उतरवला, सोलापुरात पिस्टन करून घेतले, तांब्याच्या पत्र्यातून पॅकिंगं हाताने कापली. सगळ्यात शेवटी तेलाच्या वाटा साफ करायला घेतल्या, आणि तिसऱ्या भोकात तार अडली.

"काका, अण्णा आले," बाहेरून शिवप्रियाची हाक आली.

चन्नम्माने चिंधी उचलली, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि ताट घेऊन निघून गेली.

ते इंजिन सुरू करायची नस एकट्या सोमलिंगला ठाऊक होती. हँडल मारताना सिलिंडरमधला दाब सोडून धरणारी वरची दांडी नेमकी कधी पाडायची, ते तो कानानं ठरवायचा. म्हणून शिवप्रिया दोनदा त्याच्या घरी जाऊन त्याला मनवून आली होती. सत्तरीचा सोमलिंग फाटकातून आत आला, मागं वळून त्याने कडी लावली, हलवून बघितली, दोन पावलं आला आणि परत जाऊन पुन्हा हलवून बघितली. गावाला ही त्याची सवय माहीत होती. ती कधी लागली, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

इंजिनाला हात लावण्याआधी त्याने तेलाची पट्टी काढली, पुसली, बुडवली, बघितली. मग परत. मग परत.

"अण्णा, तीनदा झालं," शिवप्रिया हसली.

"ऱ्हाऊ दे, बाई. म्या एकदा विसरलोय." सोमलिंग चिडला नव्हता, समजावत होता. "पैल्यांदा म्या बी म्हणायचो, वतलं व्हतं म्हणून. धा-बारा वर्सं म्हणलो. मग वाटाय लागलं, येवढं गाव म्हणतंय, मिस्त्री म्हणतोय, तर विसरलोच आसंन. आता तर आठवतंय बी. तेलानं भरलेला डबा कोपऱ्यात तसाच."

शंकरप्पाच्या हातातलं हँडल जड झालं. माणसाचं काम त्याने घालवलं होतं, हे त्याला आठ दिवसांपासून माहीत होतं. त्याची आठवणही आपणच बदलून ठेवली, हे त्याला आत्ता कळलं.

"मारा मिस्त्री," सोमलिंग म्हणाला.

शिवप्रियाने आणि शंकरप्पाने मिळून हँडल फिरवलं. सोमलिंगने डोळे मिटले, मान कलती केली, आणि दांडी पाडली. एक ठोका, काळा धूर, दुसरा ठोका, आणि एकतीस वर्षांचं मुकं इंजिन बोलायला लागलं. पत्रे थरथरले. शिवप्रिया टाळ्या वाजवत होती, त्या ऐकू येत नव्हत्या.

त्या आवाजातच शंकरप्पा बोलला. सगळं बोलला: पाच घातल्या, चार काढल्या, तुमी विसरला न्हवता. सोमलिंगने त्याचे हलणारे ओठ पाहिले, हसून मान हलवली. शंकरप्पाला वाटलं, झालं, सांगितलं आपण. चन्नम्माने विचारलं तर सांगितलं म्हणता येईल.

मग सोमलिंग त्याच्या कानाशी आला. "आता एकदा थांबवून तेल बगा, मिस्त्री. इस्वास न्हाय माझा माझ्यावर."

शंकरप्पाने इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं, की फाट्यावरची एसटी गिअर बदलताना ऐकू आली. त्याने खिशातली चिंधी काढून सोमलिंगच्या तळव्यावर ठेवली.

"तिसऱ्या भोकात व्हती ही. माझी हाय. तेल तुमी घातलं व्हतं, सोमण्णा. माझ्या चिंधीनं ते पोचलं न्हाय."

सोमलिंगने चिंधी उलगडली, लाल काठावरून अंगठा फिरवला.

"पट्टी वल्ली व्हती तवा," तो म्हणाला. "तुमी बगितली व्हती."

"व्हय."

"आन तरी."

"व्हय. तरी." शंकरप्पाने हात जोडले. "म्या सांगतो गावाला. मठात सांगतो, समद्यांच्या म्होरं. सोमण्णा, शिवी द्या, काय तरी बोला."

सोमलिंगने चिंधीची घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. इंजिनाकडे एकदा पाहिलं. मग वळला आणि चालू लागला. फाटक उघडून तो बाहेर पडला, रस्ता ओलांडून पलीकडं गेला. कडी लावायला तो मागं फिरला नाही.