घुंगटातली वऱ्हाडी

तिच्या बांगड्यांना आम्ही ओळखत होतो, आवाजाला नाही. अमरावतीच्या आमच्या गल्लीत शेठजींचे बिऱ्हाड मारवाडातून येऊन कितीतरी ऋतू उलटले होते, पण धाकट्या शेठाणीच्या तोंडचा एक शब्दही कुणाच्या कानी पडला नव्हता. काही हवे असले की ती घागरीच्या काठावर बांगडी वाजवी; नको असले की जिभेने टाळूवर हलकेच ‘टक्’ करी. कमरेपर्यंत ओढलेल्या केशरी ओढणीच्या आतून दोन बोटे वर येत, कापड तेवढ्यापुरते विलग होई आणि त्या फटीतून काजळलेला एकच डोळा आमच्याकडे पाही. गल्लीने तिचे नाव केव्हाच ठरवून टाकले होते: मुकी शेठाणी.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कसलीशी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीतले पांढरे बोंड एकाएकी सोन्याचे झाले होते. परतवाड्याकडून, अकोल्याकडून गाड्यांच्या रांगा येत. त्यांच्या आसांचा कुईकुई आवाज पहाटेच्या झोपेत मिसळून जाई. हवेत सदा कापसाचे तंतू तरंगत. ताकावर, तुळशीवर, बायकांच्या पापण्यांवर ते येऊन बसत आणि कोवळ्या उन्हात गल्ली धुके पडल्यासारखी दिसे.

शेठजींच्या आणि आमच्या घरामध्ये एक बुटकी भिंत होती. भिंतीपलीकडच्या अंगणात रेचे चालत. कापसातली सरकी वेगळी करणारे ते लाकडी चरक ओळीने मांडलेले असत आणि त्यांवर बसलेल्या बायकांची मुकादमीण होती गयाबाई. तिचा आवाज रेच्यांच्या करकरीवर मात करी. ‘‘हात चालव वं, मुडदा बशिवला तुया!’’ असे ती म्हणे, आणि जिला म्हणे ती खुदकन हसून हात चालवी. शेठाणीबद्दल तिने एकदा मला हळहळून सांगितले होते, ‘‘देवानं रूप देल्लं वं माय, अन् जीभ तेवढी आपल्याजोळ ठेवून घेतली.’’

खरे कारण वेगळे होते, आणि ते ओसरीवर गादी टाकून बसलेले असे. ते म्हणजे मोठे शेठजी, तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. भावजयीचा आवाज जेठाच्या कानी पडू नये, ही त्यांच्या मुलखाची रीत. एरवी पुरुष कामाला बाहेर पडतो आणि घरातल्या बायकांना तेवढी सवड मिळते. पण कापसाच्या त्या धामधुमीत सारा बाजारच शेठजींच्या ओसरीवर येई. पहाटेच्या दिव्यापासून रात्रीच्या दिव्यापर्यंत त्यांचे बूड हलत नसे. म्हणून दिवसभर तिचे तोंड मिटलेले. नवऱ्याशी निजघरात चार शब्द पुटपुटायचे, तेही भिंतीला ऐकू जाऊ नयेत असे.

मला हे कळले ते चिखलामुळे. श्रावणातला मंगळवार होता. अंबादेवीच्या दर्शनाला शेठाणी आणि मी निघालो होतो. नाल्याच्या उतारावर माझा पाय गाऱ्यात पोटरीपर्यंत रुतला. काळ्या मातीचा तो गार, लोण्यासारखा विळखा. मी जितकी ओढ घेई तितका तो घट्ट होई. शेठाणीने इकडेतिकडे पाहिले, घुंगट कपाळापर्यंत मागे टाकला, माझ्या काखेत हात घातले आणि म्हणाली,

‘‘काहून वं, तुयाच गावची माती तुले धरून ठेवून राहिली?’’

मी पाय विसरले, चिखल विसरले. माझे वडील पुराणिक. आर्या आणि ओव्या ऐकत मी वाढले होते, शब्दाचे नवल वाटावे असे थोडेच उरले होते. पण त्या क्षणी ते वाटले. एखाद्या देवळातली मूर्ती बोलावी आणि तिने आपल्याच आळीच्या बोलीत बोलावे, तसे झाले. आवाज किंचित खरबरीत होता, वापराविना राहिलेल्या नव्या जात्यासारखा. आणि त्यातली वऱ्हाडी मात्र मुरलेली, ठसकेबाज, पाणी न घातलेली.

‘‘तुम्हांला... तुले बोलता येते?’’

‘‘येते त. दिवसभर आयकून राहिली मी. गयाबाई बोलते, मी आतल्या आत बोलतो.’’ मग चिखलाने माखलेल्या आपल्या पायांकडे पाहत ती म्हणाली, ‘‘आमच्या मुलकातली रेती पायाले लगेच सोडून देते. तुमची माती सोडतच नाई.’’

नाल्यापलीकडे जेठांचा कान पोचत नव्हता. पुढे दर मंगळवारी त्या उतारापासून ती बोलू लागे आणि परतताना त्याच उतारावर, वाक्य अर्धे राहिले तरी, गप्प होई. माझ्याकडून तिने अंबाडी, चिवळ, घोळ या भाज्यांची नावे घेतली. प्रत्येक पान चुरगळून हुंगे, मग नाव उच्चारी, जणू वासाला नाव बांधून ठेवत होती. एकदा मी विचारले, ‘‘तू तुझ्या मारवाडीत का नाही ग बोलत माझ्याशी?’’ तिने हातातले पान चुरगळले. मग म्हणाली, ‘‘ते बोली आली ना तोंडात, का आपोआप आवाज खाली जाते. लहानपनापासून तिच्यात गप बसनंच शिकली मी. तुमची बोली उघड्या तोंडानं शिकली.’’

पण जिच्याकडून भाषा घ्यावी तिचे सारेच घेतले जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आमच्या माजघरात आली. जेठ त्या दिवशी अकोल्याला गेलेले. माझ्या सासूबाईंनी तिच्या ओंजळीत तिळगूळ घातला, वर आणखी घातला. तिचे डोळे भरून आले. ती वाकली, पायांवर डोके ठेवले आणि अतिशय भक्तिभावाने म्हणाली, ‘‘मुडदा बशिवला तुया, बुढे, किती देतं!’’

सासूबाईंचे कुंकवाचे बोट हवेतच राहिले. रेच्यांवर ज्या शब्दांनी बायका एकमेकींना गोंजारत, ते वऱ्हाडातले गोडात गोड शब्द असणार, असे तिने मानले होते, आणि ते ती एवढ्या दिवसासाठी जपून ठेवत होती. ते लक्षात आले तशा सासूबाई हसू लागल्या. हसता हसता खाली बसल्या. ‘‘अवं, हे त बोलते! अन् आपल्यापरीस साजरी बोलते!’’ दाराशी बसलेल्या गयाबाईचा मात्र चेहरा उतरला. ‘‘माय वं! म्हंजे शेठजीले मी आंगनात काय काय बोलली, सारं आयकलं इनं?’’ शेठाणी म्हणाली, ‘‘सारं. पाठ हाये मले.’’

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांनी ते गुपित पोटात ठेवले. पुरुषांसाठी ती मुकीच राहिली.

मग लढाई संपली. भाव असा घसरला की गाड्यांच्या आसांचा आवाजच थांबला. रेचे झाकून ठेवले गेले, हवा स्वच्छ झाली आणि ती स्वच्छ हवा कुणालाच नको होती. मोठ्या शेठजींनी गादी गुंडाळली. सारे बिऱ्हाड मारवाडात परत न्यायचे, असे ठरले. मंगळवारी नाल्याकाठी ती मला एवढेच म्हणाली, ‘‘तिथं तीन जेठ हायेत, सासरा हाये. तिथं नाला नाई.’’

निघायच्या सकाळी गाड्यांवर पेट्या चढल्या होत्या. मोठे शेठजी पागोटे बांधून अंगणात उभे. धाकटे शेठ बैलाच्या गळ्यातला कंडा उगाच सारखा करत होते. थोरल्या भावापुढे मान वर करणे त्यांना जमत नसे. मी भिंतीशी होते, गयाबाई पेटीला दोरी आवळत होती. तेवढ्यात दारात केशरी ओढणी दिसली. घुंगट कमरेपर्यंत, पाठ जेठांकडे, सगळे रीतीप्रमाणे. आणि त्या घुंगटातून, अंगण भरून जाईल असा आवाज आला:

‘‘गयाबाई, मोठ्या शेठजीले सांग, मी येत नाई.’’

गयाबाईच्या हातून दोरी सुटली. शेठजींनी आधी माझ्याकडे पाहिले, मग गयाबाईकडे. आवाज कुणाचा, हे त्यांना उमगायला वेळ लागला.

‘‘सांग त्यायले, भाव पडला, जमीन नाई पडली. पुढच्या साली कापूस येईनच. बडनेऱ्याले आगगाडी यून राहिली, अन् आपन बैलगाडीनं मांगं चाललो? धाकट्या शेठजीले इथं ठेवा. मी रेच्यावर बसीन. पन तिथं नेऊन मले पुन्हा मुकी नोका करू.’’

तिचा आवाज कुठेच अडखळला नाही. जगण्याची एवढी मोठी मागणी इतक्या उघड शब्दांत मी त्याआधी ऐकली नव्हती, आणि नंतरही क्वचितच ऐकली.

मोठे शेठजीही रीतीचे पक्के. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. बाजारात बोलत त्या आपल्या वऱ्हाडीत ते गयाबाईला म्हणाले, ‘‘तिले इचार, हे बोली कोनाजोळून शिकली?’’

‘‘सांग, शेठजीच्याच आंगनातून.’’

शेठजींनी झाकलेल्या रेच्यांकडे पाहिले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. ते हसू होते की दुसरे काही, मला सांगता येणार नाही. मग गाडीवानाकडे वळून ते म्हणाले, ‘‘धाकट्याची पेटी उतरव.’’

धाकट्या शेठांनी वाकून भावाच्या पायांना हात लावला. ती तशीच पाठमोरी उभी राहिली. गाडी हलली, गल्लीच्या टोकाशी गेली, वळली. चाकांचा आवाज विरेपर्यंत ती जागची हलली नाही. मग तिने घुंगट मागे टाकला, रिकाम्या रस्त्याकडे तोंड केले, हात जोडले आणि काही बोलली: ‘‘जेठजी, पाछा पधारज्यो सा.’’

तिची मायबोली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. तो आवाज निराळाच होता. खालचा, मऊ, रेतीवरून वारा सरकावा तसा. शब्द मला कळले नाहीत.

‘‘काय म्हणालीस ग?’’ मी विचारले.

तिने ओढणीच्या पदराने डोळे पुसले. ‘‘काई नाई वं,’’ ती म्हणाली, ‘‘पुन्हा येजा म्हटलं.’’